जास्तीची अक्षरं फुकट

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर माझ्या तोंडी हमीद सरांचं नाव येतं. आई शेजारी बसलेली असली तरी तेच येतं, आणि तीही मान डोलावते. सर सिल्लोडला आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. आज शहरातल्या एका ज्युनियर कॉलेजात मुलांना इंग्रजी शिकवून पोट भरतो. या दोन गोष्टींच्या मधे जे काही आहे, ते सरांचं आहे.

परीक्षेचे दिवस पुन्हा आले आहेत. कॉलेजच्या आवारात कडुलिंबाची पिवळी पानं सकाळी झाडली तरी दुपारपर्यंत पुन्हा पडतात. फाटकाशी पोलीस, भिंतीला चिकटवलेले बैठक क्रमांक, मुलांच्या हातात पारदर्शक प्लास्टिकच्या पिशव्या. मला पर्यवेक्षण लागलं आहे. बसायचं नाही, वाचायचं नाही, मोबाईल बाहेर ठेवायचा. बाकांच्या रांगांमधून नुसतं फिरत राहायचं. पाय फिरतात आणि त्यांच्यापेक्षा जोरात डोकं फिरतं. एका बाकावर कुणीतरी कर्कटकानं 'के' आणि 'जे' कोरून त्यांच्याभोवती बदाम काढला आहे. मी त्यांच्यापाशी थांबतो. के आणि जे. दोन्ही असलेला शब्द? जॅकेट. जोकर. जंक. पुढच्या बाकाकडे वळतो तोवर डोक्यात आणखी एक उभा राहतो. खिडकीतून ऊन आत सरकत येतं, भरारी पथकाची गाडी येऊन जाते, आणि मी तसाच शब्द गोळा करत हिंडत असतो.

इंग्रजीच्या पेपरात आता एक प्रश्न असतो. एक मोठा शब्द देतात आणि त्यातल्या अक्षरांपासून छोटे शब्द करायला सांगतात. यंदा त्या प्रश्नावर एक मुलगी अडकली होती. पेन दाताखाली, नजर पंख्यावर. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "सर, मेट चालतं का?"

"मला काही सांगता येत नाही, बाळा."

ती पुन्हा पंख्याकडे बघायला लागली. माझ्या ओठांपर्यंत टीम आला होता, नेम आला होता, मीट आला होता. तोंड बंद ठेवून पुढं गेलो. त्या तीन तासांत इतकं बेचैन झालो की शेवटची बेल झाल्यावर तिच्याआधी मीच सुटकेचा श्वास टाकला.

खरं तर ही बेचैनी पेपरची नव्हती. आदल्या संध्याकाळी सरांचा फोन आला होता. त्यांची नात सना फोन लावून देते, कारण आकडे त्यांना दिसत नाहीत.

"विष्णू, ड्युटी लागली का रे?"

"लागली, सर."

"खुर्ची ओढून बसू नको. पोरांना वाटतं, मास्तर झोपला." मग म्हणाले, "माझं ऐक. डोळ्यांचं काही राहिलं नाही आता. फळ्यावर काय लिहिलं ते मलाच दिसंना. परवा ओ काढला तर पोरं हसायली. म्हणाली, सर, अर्धा ओ भिंतीवर गेला."

हे सांगताना ते स्वतःच हसत होते. मला हसू येईना.

"यंदाची दहावी सुटली की रविवारचा वर्ग बंद करतो. कुणी मिळत असंल तर बघ. दोन तासांचा तर सवाल आहे. नाय मिळालं, तर नाय."

हा रविवारचा वर्ग म्हणजे सरांच्या घरातली पुढची खोली. इंग्रजीत गटांगळ्या खाणारी सिल्लोडची आणि आजूबाजूच्या खेड्यांतली मुलं तिथं चटईवर बसतात. सर शाळेत होते तेव्हाही तो चालायचा, निवृत्त झाल्यावरही चालला. फी नाही. मी त्याच चटईवरून उठून इथवर आलो. सर म्हणाले, "कुणी मिळत असंल तर बघ." तू ये, असं म्हणाले नाहीत. तो एक शब्द, 'कुणी', फोन ठेवल्यापासून माझ्या चपलेत खडा शिरल्यासारखा टोचतो आहे.

रविवारी सकाळी मी औरंगपुऱ्यातल्या एका खाजगी क्लासमध्ये शिकवतो. एकामागून एक बॅच. आमचा फ्लॅट त्या रविवारांवर उभा आहे. आईबाबा आता आमच्याजवळ इथंच राहतात. सिल्लोडची आमची खोली भाड्याची होती, ती सोडून दिली. म्हणजे सिल्लोडला जायला मला आता काही कारण उरलेलं नाही, असं मी स्वतःला सांगतो. सांगतो आणि स्कूटरला किक मारतो.

रस्त्यावर पुन्हा अक्षरं. पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवरची अक्षरं घ्यायची आणि सिग्नल सुटायच्या आत शब्द काढायचा, ही माझी जुनी खोड. सुरुवातीचं एमएच सगळ्यांनाच असतं, ते धरायचं नाही, असा माझा नियम. पुढची दोन घ्यायची. जी आणि एफ: गिफ्ट. डी आणि एक्स: इंडेक्स. सी आणि झेड: सिटिझन. गुलमंडीच्या कोंडीत एकदा मी क्यू अक्षरात असा रुतलो की मागचा रिक्षावाला ओरडला, "ओ मास्टर, चलो ना! रस्ते में नमाज पढनी है क्या?"

हा खेळ सरांचा. आठवीत पहिल्यांदा खेळलो. सर फळ्यावर तीन-चार अक्षरं लिहायचे आणि हात झटकून म्हणायचे, "ही सगळी ज्याच्यात आहेत असा इंग्रजी शब्द आणा. क्रम कुठलाही. जास्तीची अक्षरं फुकट." शेवटचं वाक्य ते बाजारात भाजीवाली कोथिंबीर फुकट देते त्या सुरात म्हणायचे. वर्ग हसायचा. मला हसू यायचं नाही. कारण मला शब्दच यायचे नाहीत. ए बी सी डी पाठ होती, शब्द मात्र दुसऱ्यांच्या घरची वस्तू असल्यासारखे वाटायचे.

एके दिवशी फळ्यावर सी, के, ओ, एल होतं. पहिल्या बाकावरून 'क्लॉक' आला. मागून 'लॉक' आला. सरांचं बोट माझ्याकडं वळलं.

"सर, मला नाय येत. आमच्या घरात इंग्रजी नाय."

मी हे तक्रार म्हणून बोललो नव्हतो. आमच्या घरात म्हैस नाही, तसंच इंग्रजी नाही, इतकं ते सरळ होतं. सरांनी खडू खाली ठेवला.

"रातच्याला दिवा कशावर जळतो तुमच्या घरी?"

"रॉकेलवर."

"मग?"

सरांनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहीत मोठ्यानं म्हणायला लागले. "आर-ओ-सी-के, रॉक, रॉक म्हणजे खडक. ओ-आय-एल, ऑइल, ऑइल म्हणजे तेल. खडकातलं तेल. रॉक ऑइल. तुमचं रॉकेल. सी आलं, के आलं, ओ दोनदा आलं, एल आलं. बस खाली. दोन शब्द झाले म्हणून अर्धा मार्क कापला."

त्या संध्याकाळी मी धावत घरी गेलो. आई चिमणीत रॉकेल ओतत होती. मी सगळं सांगितलं. तिनं बाटलीचं बूच हातात तसंच धरून ठेवलं आणि म्हणाली, "म्हंजी म्या रोज इंग्रजीच वतीत व्हते व्हय?"

बाबा भिंतीला टेकून बसले होते. ते बाजार समितीच्या आवारात पोती शिवायचे. व्यापाऱ्याचा माल भरला की पोत्याचं तोंड दाभणानं आणि सुतळीनं बंद करायचं, हे त्यांचं काम. ते म्हणाले, "मंग आमच्या पोत्यावर बी इंग्रजीच असंल की. मक्याच्या पोत्यावर ते लाल रंगाचं काढत्यात, दोन डोंगराचं."

"तो एम, बाबा. एम मक्याचा."

"मक्याचा व्हय. बरं झालं. मला वाटायचं, मालकाच्या नावाचा असंल."

त्या दिवसानंतर आमच्या घरात इंग्रजी सापडायला लागलं. कोपऱ्यात, फळीवर, अंगावर. बाबांची पाटलोण. आजोबांची जुनी लालटेन. मी दप्तर टाकलं की आई विचारायची, "आज काय निघालं?" जणू मी घर खणत होतो. शिमग्याच्या आसपास बाजारात मका यायचा, वाऱ्यावर भुस्सा उडायचा, अभ्यासाला बसलं की वहीवर पिवळी धूळ साचायची आणि फुंकर मारली की खालून अक्षरं वर यायची. परीक्षा म्हटलं की मला अजून त्या धुळीची चव जिभेवर येते. थोडी गोड, थोडी खरखरीत.

आता वाटतं, मला इंग्रजी आलं ते व्याकरणानं नाही. व्याकरण पुढं आलं, मारूनमुटकून. आधी हे आलं की, ही भाषा आपल्याकडं आधीच येऊन बसली होती, फक्त कुणी ओळख करून दिली नव्हती. माझ्या क्लासमधली मुलं आज फाडफाड बोलतात. तरी त्यांच्यातलं एखादं मान खाली घालून बसतं, तेव्हा मी त्याच्या बाकापाशी जातो आणि विचारतो, घरी काय काय आहे? ते गोंधळून माझ्याकडं बघतं. क्लासचे संचालक म्हणतात, सर, पोर्शन संपवा.

बारावी झाली आणि मी औरंगाबादला निघालो. तेव्हा शहराचं नाव तेच होतं. सिल्लोडच्या स्टँडवर बाबा माझी पत्र्याची पेटी टपावर चढवून आले होते. आई पदराचं टोक चावत उभी. आणि सर सायकल हातात धरून धापा टाकत आले, तेव्हा एसटीनं गिअर टाकला होता. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. शेंगदाणेवाला खिडक्यांखालून ओरडत पळत होता.

"विष्णू, शेवटचा शब्द घे!" सर गाडीबरोबर चालायला लागले. "लिही! ए! डी! ई! एच!"

मी पेन काढून तळहातावर लिहीत होतो.

मग एक अक्षर इंजिनाच्या घरघरीत आलं. मग, "ओ! आर! डब्ल्यू!" आणि सर मागं पडले. लांबून त्यांचा आवाज आला, "कार्डावर पाठव! स्पेलिंगसकट!"

फुलंब्री येईपर्यंत मी तळहात मिटला नाही. घामानं शाई पसरत होती. ए, डी, ई, एच, एन, ओ, आर, डब्ल्यू. होस्टेलवर पोचल्यावर पहिलं काम केलं ते पेटीच्या झाकणाला आतून ती आठ अक्षरं खिळ्यानं कोरायचं. पेटी उघडली की अक्षरं. कपडे काढले की अक्षरं.

ते पहिले महिने मला अजून नीट सांगता येत नाहीत. खोलीतली बाकीची पोरं वाईट नव्हती. पण मेसमध्ये ताट घेऊन उभं राहिलं की कुठं बसावं ते कळायचं नाही. वर्गात प्राध्यापक इंग्रजीत विनोद करायचे आणि सगळे हसून झाल्यावर मी हसायचो. रिकाम्या वेळी ग्रंथालयातला जाड शब्दकोश घेऊन डी पासून चाळत बसायचो. एके दिवशी सापडला. डी-ओ-डब्ल्यू-एन, एच-ई-ए-आर-टी-ई-डी. डाउनहार्टेड. अर्थ: खचलेला, उमेद गेलेला. मी एकेक अक्षर बोटानं मोजलं. आठच्या आठ होती. टी जास्तीचा, डी आणि ई दोनदा, ते सगळं फुकट. मला वाटलं, सरांना आधीच माहीत होतं माझं काय होणार ते. कार्डावर तो एक शब्द लिहिला, खाली सही केली आणि कार्ड टपालपेटीत टाकलं.

उत्तर आलं नाही. रविवारी सकाळी सर स्वतः आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत आईनं दिलेल्या भाकरी आणि ठेचा.

"हा शब्द नव्हे," खोलीच्या दारातच म्हणाले. "चल, चहा पाज."

मी चहा काय पाजणार. त्यांनीच पाजला. गुलमंडीत हिंडलो. कापडाच्या दुकानांच्या पाट्या वाचत, चुकलेली स्पेलिंगं पकडत. एका पाटीवर 'सूटिंग'चं 'शूटिंग' झालं होतं. सर दुकानदाराला म्हणाले, "मियां, पोलीस येतील हां." मी कितीतरी दिवसांनी इतरांबरोबर, एकाच वेळी हसलो.

चहाच्या दुसऱ्या कपाला मी विचारलं, "सर, कार्ड बघून आलात का?"

"मग? इतका लांब शब्द आणि स्पेलिंगमध्ये एक चूक नाय. म्हणजे पोरगं त्या शब्दापाशी लई वेळ बसलंय."

मी घाईनं पुढचं विचारलं. "मग तुमचा शब्द कोणता? अक्षरं एकदा परत सांगता का? नीट बघतो."

सरांनी बशीत चहा ओतला, माझ्याकडं बघितलं, आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "दिलेलं अक्षर परत सांगत नसतो. शोध." मग फुंकर मारत म्हणाले, "एवढं सांगतो. तो असा बसवणारा शब्द नाही. तो कळला की पाय उचलतात."

मी राहिलो. तीन वर्षं, मग पुढची दोन. ग्रंथालयातला तो शब्दकोश माझ्याइतका कुणी हाताळला नसेल. एका शब्दाच्या शोधात दुसरे हजार शब्द पायात यायचे, त्यांना ओलांडताना ते ओळखीचे व्हायचे. पहिली नोकरी लागली त्या महिन्यात 'हँडवर्क्ड' सापडला. हातानं घडवलेलं. मला बाबांची दाभणानं चिरलेली बोटं आठवली. खात्री होती की हाच. कार्ड टाकलं. उलट टपाली सरांचं कार्ड आलं, त्यावर एकच ओळ: "हा नव्हे. शोध." लग्नानंतर 'ओव्हरशॅडोइंग' पाठवला. "हा नव्हे. लांबत चाललास." एकदा भिंतीवरचा नकाशा बघताना एकदम 'नॉर्थईस्टवर्ड' दिसला. ईशान्येकडे. आठही अक्षरं त्यात होती. आणि आमच्या शहरापासून सिल्लोड ईशान्येलाच आहे. मी त्या आनंदात कार्डावर नकाशाच काढला. सरांनी लिहिलं, "दिशा बरोबर. शब्द नव्हे."

दिवाळीनंतर भेटायला जायचो तेव्हाही तोंडी काही सांगायचे नाहीत. "बोलण्यात स्पेलिंग लपतं. कार्डावर." मग मीही तो विषय काढेनासा झालो. पण शोध थांबला नाही. रात्र असो, दिवस असो, वाण्याची पुडी असो, औषधाची पट्टी असो, डोळे ती आठ अक्षरं शोधत राहायचे. बायको म्हणते, तुम्ही माझ्याशी बोलताना माझ्या मागच्या कॅलेंडरशी बोलता.

त्या दिवशी इंग्रजीचा पेपर सुटल्यावर घरी आलो. माझी मुलगी सायली सहावीत आहे. ती जुन्या पेटीवर बसून पाय हलवत होती. पेटी आता माळ्यावरून खाली काढली आहे, बाबांचं अंथरूण ठेवायला. तिनं झाकण उघडलं आणि विचारलं, "बाबा, हे खिळ्यानं काय लिहिलंय?"

मी सांगितलं. सगळं नाही, पण बस, तळहात आणि कार्डं इतकं सांगितलं.

"एवढंच? ॲपमध्ये टाकते ना. अक्षरं टाकली की शब्द येतात."

मी इतकी वर्षं ते केलं नव्हतं. मुलांना तसली ॲप्स दाखवतो, स्वतः ही आठ अक्षरं कधी टाकली नव्हती. नको म्हणायच्या आत तिनं टाकली सुद्धा. पडद्यावर ओळीनं शब्द आले. डाउनहार्टेड. हँडवर्क्ड. ओव्हरशॅडोइंग. नॉर्थईस्टवर्ड. माझी सगळी तरुण वर्षं एका बोटाच्या अंतरावर उभी होती. पाठवला नव्हता असाही एखाददुसरा त्यात होता, पण त्यातला एकही पाय उचलणारा नव्हता.

"यातला कुठला?" सायली म्हणाली.

"यातला कुठलाच नाही."

तिनं झाकणावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बाबा, सर बसच्या बाहेरून ओरडले ना? मग हा एन कशावरून? ऑनलाइन क्लासला आमच्या मॅडम एम म्हणायच्या आणि अर्धी मुलं एन लिहायची. मॅडमना मग म्हणावं लागायचं, एम मुंबईचा, एन नागपूरचा."

मी तिच्या हातातला फोन घेतला नाही. मला घ्यावाही लागला नाही. झाकणावरच्या एनला मी नुसता आणखी एक डोंगर जोडला आणि आठ अक्षरं माझ्यासमोर आपोआप उठून रांगेत उभी राहिली. एच-ओ-एम-ई, डब्ल्यू-ए-आर-डी. होमवर्ड. एकही अक्षर जास्तीचं नाही. घराकडे.

आतल्या खोलीतून बाबा विचारत होते, काय झालं रे, काय पडलं का? पडलं काहीच नव्हतं.

त्या संध्याकाळी मी स्कूटर घेऊन विनाकारण बाहेर पडलो. औरंगपुऱ्यातून, गुलमंडीतून. प्रत्येक गाडीवर एम होता. एमएच, एमएच, एमएच. सगळ्यांनाच असतो म्हणून जो मी कधी धरला नाही. आणि मग सिग्नलला उभा असताना दुसरी गोष्ट लक्षात आली, तेव्हा मागच्यानं हॉर्न वाजवला तरी मला पुढं जाता येईना. डाउनहार्टेडमध्ये एम नाही. पहिलं कार्ड हातात पडलं तेव्हाच सरांना कळलं असणार. पोरानं एक अक्षर चुकीचं ऐकलं. एका वाक्यात सांगता आलं असतं. गुलमंडीत बशीतल्या चहावर फुंकर मारताना त्यांच्या मिशीखाली हललं होतं, ते तेच होतं.

का सांगितलं नाही? त्या दिवशी मला 'घराकडे' हा शब्द मिळाला असता तर मी सरांबरोबर त्यांच्याच एसटीनं पेटी घेऊन परत गेलो असतो. हे मला पक्कं माहीत आहे. त्यांनाही माहीत असणार. म्हणून त्यांनी तो शब्द माझ्यासाठी राखून ठेवला आणि मला चुकीच्या अक्षरावर मोकळं सोडलं. एका एनवर मी पदवीधर झालो, मास्तर झालो, घर केलं. आणि आता, डोळे गेल्यावरसुद्धा, ते तो शब्द मला सांगत नाहीत. 'तू ये' म्हणत नाहीत. 'कुणी मिळत असंल तर बघ,' म्हणतात.

पण सिल्लोडला माझं घर कुठं आहे? भाड्याची खोली पाडून तिथं आता मोबाईलचं दुकान झालंय. आईबाबा इथं, मुलगी इथं, रविवारच्या बॅचेस इथं. घराकडे म्हणजे नक्की कुठं वळायचं, हे मी दोन दिवस स्वतःला विचारत फिरलो. वर्गात फिरलो, गच्चीवर फिरलो. आईला विचारलं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "इष्णू, त्या चटईवरनं उठून गेलास ना तू? मंग तिथंच जायाचं. त्यात काय इचारायचं?"

काल क्लासच्या संचालकांना रविवारचं नाही म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणालो, गावाकडं क्लास आहे. "फी काय तिकडं?" मी म्हणालो, रॉकेल. त्यांना कळलं नाही. आणि मग टपाल कचेरीत जाऊन कार्ड आणलं. मजकूर त्यावर मावला नाही, म्हणून शेवटी पाकीट केलं. ते पत्र असं:

आदरणीय हमीद सर,

सलाम आणि नमस्कार. हे पत्र सना तुम्हाला वाचून दाखवेल. सना, सावकाश वाच, आजोबा मधेच स्पेलिंग विचारतील.

सर, शब्द सापडला. एच-ओ-एम-ई-डब्ल्यू-ए-आर-डी. मी नाही शोधला, सायलीनं शोधला. म्हणून अर्धा मार्क कापा.

तुम्हाला पहिल्याच कार्डात सगळं कळलं होतं, हे आता मला कळलंय. तुम्ही सांगितलं नाही, त्याबद्दल काय लिहावं ते सुचत नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मास्तर लई हुशार." एवढंच मीही लिहितो.

तुम्ही 'कुणी' बघायला सांगितलं होतं. कुणी मिळालं नाही. तेव्हा येत्या रविवारी पहिल्या एसटीनं मीच येतो आणि त्यापुढच्या रविवारीही. दहावी सुटली तरी वर्ग बंद करायचा नाही. चटई झटकून ठेवा. बाबाही बरोबर येणार म्हणतात, त्यांना मक्याचा बाजार बघायचा आहे.

तुम्हाला फळा दिसायची गरज नाही. तुम्ही खुर्चीत बसून अक्षरं सांगा, मी फळ्यावर लिहीन. जास्तीची अक्षरं फुकट, हे मात्र तुमच्याच आवाजात व्हायला पाहिजे, मला तसं जमत नाही.

फक्त एक विनंती. एम आला की नुसतं एम म्हणू नका. मक्याचा म्हणा.

तुमचा,
विष्णू